नक्षी वाचली, माणसं कुठे गेली?

लंडनच्या बिशप्सगेट भागात १६०० च्या सुमारास पॉल पिंडर या व्यापाऱ्याने मोठा वाडा बांधला. हा माणूस साधा नव्हता. व्हेनिसमध्ये व्यापार करून त्याने पैसा कमावला, १६११ ते १६२० या काळात तो इस्तंबूलमध्ये इंग्लंडचा राजदूत होता आणि पुढे राजालाच कर्ज देण्याइतका श्रीमंत झाला. १६६६ च्या आगीत लंडन शहर जळालं, पण तटाबाहेरचा हा वाडा वाचला. १६५० मध्ये पिंडर वारला. पुढे वाड्यात बिऱ्हाडं झाली, तळमजल्यावर पब आला. त्या पबलाही नाव पिंडरचंच!

१८९० मध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन वाढवण्यासाठी वाडा पाडला गेला. मात्र ओक लाकडाचा नक्षीदार दर्शनी भाग रेल्वे कंपनीने संग्रहालयाला दिला. दोन मजल्यांच्या त्या पुढे आलेल्या खिडक्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उभ्या आहेत.

आता दुसरी बाजू पाहा. हेच स्टेशन १८७० च्या दशकात पहिल्यांदा बांधलं गेलं, तेव्हा शोरडिच परिसरातल्या हजारो गरीब भाडेकरूंची घरं गेली. कायद्याने कंपनीवर कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालवण्याची अट घातली. म्हणजे लांब राहायला जा आणि रोज कामाला या! त्यांच्या घराची एक भिंतही कुणी जपली नाही.

कुणी म्हणेल, नक्षी सुंदर होती म्हणून जपली. मान्य. पण ती कोरणारे हात सुताराचे होते. तरी ती ओळखली जाते मालकाच्या नावाने. काय जपायचं आणि कुणाच्या नावाने जपायचं, हे सत्ता आणि संपत्ती ठरवते.

याच लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. विद्यार्थी असताना, १९२१-२२ मध्ये, बाबासाहेब तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे. ते नक्षीसाठी जपलेलं नाही. तिथे कोण राहिलं आणि त्याने काय केलं, याची आठवण समाजाने जिवंत ठेवली, म्हणून ते जपलं गेलं.

मित्रांनो, आपल्या वस्त्या रस्त्यासाठी, धरणासाठी, स्टेशनसाठी पाडल्या जातात. त्यांचा दर्शनी भाग कुठलंही संग्रहालय नेणार नाही. म्हणून बुलडोझर येण्याआधी नोंद करा: कोण राहत होतं, कधीपासून, काय काम करत होतं. ही नोंद आपण नाही केली, तर दुसरं कोणी करणार नाही.