सातबारा दाखवा, सहा महिने राहा

गेल्या शनिवारी मंद्रूपला गेलो होतो. सण ना समारंभ, फॉर्म भरायला. गावात मला 'पुण्याचा कॉम्प्युटरवाला' म्हणतात, पण मी कोड काय लिहितो याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. माझी खरी ख्याती व्हिसाचे फॉर्म भरून देणारा अशी आहे. सोलापूर-विजयपूर रस्त्यावरचं, निम्मं कानडी बोलणारं, ज्वारी आणि उसावर जगणारं हे आमचं गाव. पण कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणाचा जावई ब्रॅम्प्टनला. त्यांच्या आईवडलांनी कधी ना कधी आमच्या ओट्यावर बसून मला पासपोर्ट दाखवलेला आहे.

या वेळी शेजारच्या काकू होत्या. सुनेचं बाळंतपण आहे, टेक्सासला जायचंय. अमेरिकेचा डीएस-१६० उघडला. जन्मतारीख १ जून (अर्थातच! शाळेत नाव घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला १ जूनलाच जन्माला घातलंय). मग आला प्रश्न, जाण्याचा उद्देश काय?

"लिही की, बाळाला न्हाऊ घालायला."

"काकू, तसा पर्याय नाही इथं. टूरिझम लिहावं लागतं."

"मी कुठं फिरायला चाललेय बाळा? मला त्या घराच्या बाहेर पडायलाही जमायचं नाही."

मी टूरिझम निवडलं आणि पुढं गेलो. पण परतताना गाडीत तेच डोक्यात. नातवाला न्हाऊ घालणारी बाई कायद्याच्या लेखी प्रवासी कधीपासून झाली? रविवार त्यातच गेला. जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

सुरुवात सोलापुरातूनच करू. परदेशी गेलेला मुलगा म्हटलं की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय अवघं ३२. सून पुढे भारतात येऊन गेली, पण आईला मुलगा पुन्हा दिसला नाही. त्या काळात मुलाकडे जाऊन चार महिने राहावं हा विचारच कुणाच्या मनात येत नसे. मुलगा गेला म्हणजे गेला.

अमेरिकेत तर मुलालाच बंदी होती. १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं, आणि १९२४ च्या कायद्याने असं नागरिकत्व न मिळणाऱ्यांना तिथं स्थायिक व्हायला येण्याचं दारच लावून टाकलं. १९४६ ला फट पडली ती किती? वर्षाला १०० भारतीय. अख्ख्या देशाला मिळून!

काकूंच्या फॉर्मचा पाया १९५२ चा. त्या वर्षीच्या अमेरिकन कायद्यात तात्पुरत्या येणाऱ्यांचे प्रकार अक्षरांनी पाडले. बी म्हणजे पाहुणे, एच म्हणजे तात्पुरते कामगार. बी-१ धंद्यासाठी, बी-२ मौजेसाठी. पाहुणा कोण? तर ज्याचं मायदेशी घर आहे आणि ते सोडायचा ज्याचा इरादा नाही, तो. आणि त्याच कायद्यात आलं ते कलम २१४(बी). थोडक्यात त्याचा अर्थ असा की दारात उभा राहिलेला प्रत्येक जण कायमचाच राहायला आलाय असं समजायचं. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. आपण प्रोग्रॅममध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू देतो ना, तसंच. इथं डिफॉल्ट व्हॅल्यू 'हा परत जाणार नाही'. बदलायची जबाबदारी काकूंची.

आता काकू काय सिद्ध करणार? त्यांच्याकडे आहे काय, तर सातबारा. काकांच्या पश्चात वारस म्हणून नाव लागलेली दोन एकर. आमच्याकडून मुलाखतीला जाणारा प्रत्येक जण सातबारा घेऊन जातो. कुणी इंग्रजी भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं, पहाटे मुंबई. पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेरच्या फुटपाथवर रांग लागायची, २०११ च्या शेवटी वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. फाईल छातीशी धरलेली. आणि आत काचेपलीकडचा अधिकारी दोन-तीन मिनिटांत मुलगा काय करतो, किती दिवस राहणार एवढं विचारतो. फाईल बहुतेक वेळा उघडलीच जात नाही. आमच्या अण्णांना त्याचाच राग. व्हिसा मिळाला तरी महिनाभर म्हणत होते, "आरं, निदान बघायचा तरी होता सातबारा!"

मधल्या काळात एक वेगळा रस्ताही निघाला होता, तो सांगायला हवा. १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटे गेले आणि २१ वर्षांवरच्या अमेरिकन नागरिकाच्या आईवडलांना संख्येची मर्यादाच राहिली नाही. सत्तरीच्या दशकात गेलेले आपले डॉक्टर, इंजिनिअर नागरिक झाले की आईवडलांना कायमचे बोलावू शकत. १९८१ ला बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन करणारी ही पिढी. म्हणजे त्या पिढीपुढे प्रश्न कागदाचा नव्हता, तिथं आईवडलांचा जीव रमतो का हा होता. (दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी आठवतात? त्यांना कुणी व्हिसा नाकारलेला नव्हता.)

आमच्या पिढीचं गणित बिघडलं ते १९९० च्या कायद्यानंतर. एच-१बी आला. वर्षाला ६५,००० चा कोटा, वायटूकेच्या लाटेनंतर २००१ ते २००३ मध्ये तो १,९५,००० पर्यंत गेला. पण हा कामगार-व्हिसा. त्यावर बायको येते, मुलं येतात, आईवडील नाही. या कायद्याच्या कुटुंबात आईवडील बसतच नाहीत. आणि भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग इतकी लांबली की नागरिक होऊन आईवडलांना बोलवेपर्यंत त्यांची सत्तरी उलटावी. मग उरला तो १९५२ चा मौजेचा बी-२. आमच्या आया तिथं बाळंतपणं करताहेत, मेथीचे लाडू वळताहेत, बाळाला तेल लावताहेत, ते सगळं या 'मौजे'त. बी-२ वर काम करायला मनाई, म्हणून 'नातू सांभाळायला आलेय' असं विमानतळावर बोलू नका, ही सूचना प्रत्येक मुलगा फोनवर दहादा देतो. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या बायका सोळा-अठरा तासांच्या प्रवासात 'साइट सीइंग' हा शब्द पाठ करतात.

शिक्का बऱ्याचदा दहा वर्षांचा, पण एका वेळचा मुक्काम साधारण सहा महिने. हे सहा महिनेही एकदा जाणार होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २००२ मध्ये, तिथल्या इमिग्रेशन खात्याने असा प्रस्ताव काढला की सरसकट सहा महिने द्यायचे नाहीत. किती दिवस हवेत ते पाहुण्याने पटवून द्यावं, नाही पटलं तर तीस दिवस. तीस दिवसांत बाळंतिणीचा सव्वा महिनाही होत नाही! बरीच ओरड झाली आणि तो नियम शेवटी आलाच नाही.

अण्णांना मात्र सहा महिने अगदी पसंत. आमची ज्वारी रब्बीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरायची. एप्रिलला जावं, सप्टेंबरला यावं. "अमेरिकावाल्यांना ज्वारीचं कळतं की," असं ते म्हणायचे. एकदाच हा हिशोब मोडला. वहिनीचं बाळंतपण डिसेंबरात होतं म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, पीक चुलत्यांवर सोपवून. मुदत मे २०२० पर्यंत. २२ मार्चपासून भारताने परदेशातून येणारी विमानं बंद केली. दादाने मुदतवाढीचा अर्ज टाकला. अर्ज प्रलंबित, विमा दादाने जुन्या आजारांना न धरणारा घेतलेला, अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या. मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली तरी नंबर लागेना. जुलैत इकडे आजी गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती, भरपूर जगली, सगळं खरं. अण्णांनी आईचं शेवटचं तोंड व्हिडिओ कॉलवर पाहिलं, न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात उभं राहून. त्यावर ते अजून बोलत नाहीत.

बाकीच्या देशांनी काय केलं? इथं मला एक गोष्ट सारखी दिसली. कायमचं दार जड झालं की शेजारी तात्पुरतं दार काढायचं. कॅनडात २०११ साली आईवडलांचे दीड लाखाहून जास्त अर्ज तुंबले. ५ नोव्हेंबरला नवे अर्ज घेणं थांबलं आणि १ डिसेंबरला 'सुपर व्हिसा' सुरू झाला. दहा वर्षांचा, एका वेळी दोन वर्षं राहायचं, मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेवर हवं आणि किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा हवा. कायमचा मार्ग २०१४ ला पुन्हा उघडला, तो ५,००० अर्जांपुरता. २०१७ ला तर चक्क लॉटरी. सुपर व्हिसाचा मुक्काम २०२२ च्या जुलैत पाच वर्षांवर नेला.

ऑस्ट्रेलियात १९८९ पासून एक गमतीची चाचणी आहे. निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात असतील, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त असतील, तरच आईवडलांना कायमचा व्हिसा. तीन मुलांपैकी एकच मेलबर्नला असेल तर नापास. पालकांमधला समतोल असा अपूर्णांकात मोजतात! २०१९ मध्ये आलेल्या तात्पुरत्या ८७० व्हिसाला ही अट नाही, पण सुरुवातीला तीन वर्षांना ५,००० आणि पाच वर्षांना १०,००० डॉलर फी होती. काम करायचं नाही, एकूण दहा वर्षं, मग बाहेर. सरकारची बाजूही ऐकून घेऊ. तिथल्या उत्पादकता आयोगाने २०१६ मध्ये कायमच्या व्हिसावरच्या एका पालकाचा आयुष्यभराचा सरकारी खर्च ३,३५,००० ते ४,१०,००० डॉलर काढला होता. म्हातारपण महाग असतं, हे मला मान्य. बाळाची मालिश, बाळंतिणीचा शेक किती डॉलरला धरायचा, ते मला ठरवता येत नाही.

ब्रिटनने ९ जुलै २०१२ पासून कायमचं दार जवळपास बंदच केलं. आईवडलांना रोजची शुश्रूषा लागत असेल आणि पैसे देऊनही ती मायदेशी मिळत नसेल, तरच. न्यूझीलंडचा 'पेरेंट बूस्ट' अगदी ताजा, २९ सप्टेंबर २०२५ पासून, पाच वर्षांचा, वाढवून दहा. अमेरिकेने आईवडलांसाठी असं वेगळं काही काढलेलंच नाही. उलट २०२२ च्या शेवटी मुंबईत नव्या अर्जदाराला मुलाखतीची तारीख दोन वर्षांहून पुढची मिळत होती, आणि ऐंशीच्या आसपासच्यांना मुलाखतीतून मिळणारी सूट २ सप्टेंबर २०२५ पासून गेली.

दादा आता नागरिक आहे. ग्रीनकार्ड करू म्हणून मागे लागलाय. आई तयार आहे, अण्णा नाहीत. ग्रीनकार्ड घेतलं की घर तिकडं धरतात, वर्षातले बहुतेक महिने तिकडं काढावे लागतात. "मग मंद्रूपला मी पाहुणा व्हायचं का?" असं ते विचारतात. दादा म्हणतो, रात्री दोनला छातीत दुखलं तर सोलापूर गाठेपर्यंत काय? दोघांचंही बरोबर आहे, आणि फॉर्म भरायला दोघंही मलाच सांगणार आहेत.

काकूंचा फॉर्म संध्याकाळी एकदाचा सबमिट झाला. तीन वेळा साइट अडकली, फोटो दोनदा नापास झाला. कन्फर्मेशनचं पान काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर काकूंनी पिशवीतून सातबारा काढला.

"याच्या पण दोन काढ. एक त्यांनी ठेवून घेतली तर?"

"काकू, ही जमीन तर विकायची म्हणत होता ना तो? तिकडं घर घ्यायला?"

"म्हणतोय की. मी सांगितलंय, व्हिसा हातात येईपर्यंत विषय काढायचा नाही."