वाईट पॅराशूटांची कुळकथा

अमेरिकेत १९६० आणि १९७० च्या दशकांत उड्या मारायला लागलेले स्कायडायव्हर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची बैठक जमली की चांगल्या पॅराशूटवर गप्पा फार वेळ टिकत नाहीत. चांगलं पॅराशूट उघडतं, खाली आणतं, विषय संपला. रंग चढतो तो वाईट पॅराशूट निघाल्यावर. लष्करी भंगारातून आणलेली गोल छत्री, मानेला हिसका देणारी तिकोनी, दोऱ्यांचा गुंता करून गरगर फिरवणारी चौकोनी. प्रत्येकाचा एकेक ठेवणीतला वैरी असतो, आणि त्याचं नाव घेताना शिव्यांबरोबर थोडी मायाही डोकावते.

या वैऱ्यांची वंशावळ मांडायला हवी असं मला फार दिवस वाटत होतं. पॅराशूटचा छापील इतिहास शोधक, पेटंट आणि विक्रम यांच्याभोवती फिरतो. पण आजच्या पॅराशूटमधली जवळजवळ प्रत्येक सोय म्हणजे आधीच्या कुठल्या तरी वाईट पॅराशूटवरचा तोडगा आहे, आणि तो सुचेपर्यंत बऱ्याच जणांची हाडं मोडली आहेत.

मूळपुरुषापासूनच बघा. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जॅक गार्नेरँ या फ्रेंच बलूनवाल्याने पॅरिसच्या पार्क मॉन्सोवर, सुमारे हजार मीटर उंचीवर, बलूनची दोरी कापली. वर रेशमी छत्री, खाली टोपली, टोपलीत तो. छत्री उघडली, पण तिच्या माथ्याला भोक नव्हतं. आत कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट शोधे आणि एकदा या काठाने, एकदा त्या काठाने सांडे. त्यामुळे छत्री डावी-उजवी झुलत राहिली आणि टोपलीतल्या माणसाची हालत झाली. तो जिवंत उतरला, पुढे वर्षानुवर्षं उड्याही मारत राहिला. छत्रीच्या माथ्याला एक भोक पाडलं की हवा सरळ वर निघून जाते आणि झुलणं बरंच थांबतं, हे नंतर ध्यानात आलं. जिच्या भरवशावर जीव टांगायचा त्याच छत्रीला भोक पाडायचं, ही कल्पना पचायला वेळ लागला असेल तर नवल नाही.

गार्नेरँची लंडनमधली १८०२ सालची उडी बघणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नावाचा चित्रकार होता. ते झुलणं त्याच्या डोक्यातून जाईना. उड्डाणशास्त्राचे इंग्रज अभ्यासक सर जॉर्ज केली यांनी पुढे असं मांडलं होतं की टोक खाली आणि तोंड वर असा उलटा शंकू हवेत स्थिर राहील. कॉकिंगने तसंच पॅराशूट बांधलं आणि २४ जुलै १८३७ रोजी, एकसष्टाव्या वर्षी, लंडनच्या व्हॉक्सहॉल गार्डन्समधून बलूनखाली लटकून वर गेला. सांगाडा आणि कापड धरून पॅराशूटचं वजन शंभर किलोंच्या वर होतं. सुमारे दीड हजार मीटरवर त्याने स्वतःला सोडवलं. काही क्षण सगळं ठीक दिसलं, मग सांगाडा दुमडला, तुकडे झाले आणि कॉकिंग मेला. केली यांचा हिशेब चुकीचा नव्हता, उलटा शंकू खरोखर कमी झुलतो. चूक वजनात आणि कमकुवत बांधणीत होती. झुलण्यावर औषध शोधताना माणूस गेला, आणि खरं औषध एका भोकाइतकं स्वस्त होतं.

मधलं शतक जत्रेतल्या कसरतींचं होतं, ते सोडून देऊ. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायोतल्या डेटनजवळच्या मॅक्कुक फील्डवर लेस्ली अर्विन याने विमानातून उडी मारली, थोडा वेळ तसाच पडत राहिला आणि मग हाताने दोरी ओढून पाठीवरचं पॅराशूट उघडलं. पडता पडता माणूस बेशुद्ध होतो, हा समज त्या दिवशी निकालात निघाला. अर्विनचा घोटा मात्र उतरताना मोडला. यशस्वी उडीतही घोटा मोडतो, ही गोल छत्रीची पुढच्या पन्नास वर्षांची ओळख ठरली.

आता त्या बैठकीतल्या सर्वांत लाडक्या वैऱ्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी पॅराशूटं भंगाराच्या भावात मिळू लागली. उड्यांचा छंद लागलेल्या पोरांकडे पैसे कमी होते, त्यांनी तीच घेतली. सर्वांत जास्त चालली ती वैमानिकांसाठी बनवलेली सी-९. अठ्ठावीस फूट व्यासाची, अठ्ठावीस पाकळ्यांची, पांढऱ्या-नारिंगी-हिरवट पट्ट्यांची. पेटत्या विमानातून बाहेर पडलेल्या माणसाला कसंबसं जमिनीवर आणणं एवढंच तिचं काम, त्यामुळे तिला सुकाणू नव्हतं. वारा नेईल तिकडे जायचं. मग झाड असो, तारा असोत की कोणाच्या शेतातलं तळं.

पोरांनी कात्री घेतली. छत्रीच्या मागच्या बाजूच्या काही पाकळ्या विशिष्ट आकारात कापायच्या आणि काठाला पट्टी शिवायची. त्या भोकांतून हवा मागे फेकली जाते आणि छत्री थोडी पुढे सरकते. भोकांच्या कडांना दोन दोऱ्या जोडल्या की डावी-उजवीकडे वळताही येतं. या कापांना ‘डबल एल’, ‘सेव्हन टीयू’ अशी नावं पडली, आणि कोणता काप चांगला यावर तासन् तास वाद झडत. पण जेवढं कापड कापलं तेवढं खाली येणं वेगाचं झालं. सेकंदाला सहा मीटरच्या आसपास, म्हणजे सहा फुटी भिंतीवरून उडी टाकल्यासारखं, आणि तेही वाऱ्यात, कधी पाठमोरं. म्हणून पाय जुळवून पडायचं आणि धक्का तळवे, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असा वाटून द्यायचा, हे शिक्षण उडीच्याही आधी होई. पायांत जाडजूड बूट, पाठीवर मुख्य पॅराशूट, पोटावर राखीव. जमिनीवर चालताना माणूस गरोदर दिसे, असं तेच हसत हसत सांगतात.

मोठ्या संख्येने, कमी उंचीवरून सैनिक उतरवायचे असतील तर मात्र ही गोल छत्रीच बरी. आपोआप उघडते, फारशी इकडे तिकडे जात नाही, त्यामुळे माणसं एकमेकांवर कमी आदळतात. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलवर उतरलेली भारतीय लष्कराची २ पॅरा, म्हणजे मूळची मराठा पलटण, गोल छत्र्यांखालीच आली होती. रणांगणात जी छत्री बरी, तीच रविवारी मैदानातल्या पांढऱ्या खुणेवर नेमकं पाऊल टाकू बघणाऱ्या छांदिष्टाला डोकेदुखी होती. १९६४ मध्ये फ्रेंच कल्पनेवरून बनलेली ‘पॅरा-कमांडर’ आली. तिच्या अंगावर जागोजागी फटी होत्या आणि ती गोल असूनही चांगली पुढे जाई. बऱ्याच जणांचे घोटे तिने वाचवले. पण तोवर दुसरीकडे गोल आकारच मोडीत काढायची तयारी चालू होती.

फ्रान्सिस रोगालो या अमेरिकी अभियंत्याने १९४८ मध्येच कापडी लवचिक पंखाची कल्पना मांडली होती. जेमिनी अंतराळयान या पंखाखाली जमिनीवर उतरवायचं, असा नासाचा बेत होता. तो फसला आणि जेमिनी शेवटी गोल छत्रीखालीच समुद्रात उतरलं. पुढे याच पंखावरून हँग-ग्लायडर निघालं आणि स्कायडायव्हरांसाठी ‘पॅराविंग’सुद्धा. तिकोनी, एका थराची, घडी अगदी लहान, हवेत झकास. पण उघडताना तिचा नेम नसे. कधी तडाखा, कधी गुंता, कधी गरगर. त्याच जातीच्या एका पॅराशूटचं नावच ‘रशियन रूले’ होतं. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, घेणाऱ्याला धाडस.

खरी झेप घेतली फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या डॉमिना जॅल्बर्टने. मूळ धंदा पतंगांचा आणि बलूनचा. त्याने विमानाच्या पंखाच्या आकाराचे कापडी कप्पे शेजारी शेजारी शिवले, पुढून उघडे, मागून बंद. पुढून हवा शिरते, आत दाबाने साचते आणि कापड ताठ होऊन पंख बनतो. १९६४ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. आज जगात स्कायडायव्हर ज्या चौकोनी कॅनोपीखाली, म्हणजे पॅराशूटच्या कापडी पंखाखाली, उतरतात ती याच कप्प्यांची लेक. एक मीटर खाली येताना ती सुमारे तीन मीटर पुढे जाते, आणि जमिनीजवळ दोन्ही दोऱ्या ओढल्या की जवळजवळ थांबून माणसाला उभा उतरवते.

फक्त ती उघडताना मारायची. गोल छत्री माथ्यापासून काठाकडे क्रमाने फुगते, थोडा वेळ घेते. चौकोनीचं घट्ट विणीचं कापड एका झटक्यात सगळंच्या सगळं पसरे. ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पडणारा माणूस सेकंदाच्या आत थांबवला जाई. दोऱ्या तुटत, कप्पे फाटत, हेल्मेट उडे, मांड्यांच्या आतल्या बाजूला पट्ट्यांचे जांभळे वळ उठत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आधी उतरताना घोटा मोडे, आता उघडताना मान लचके. जगातलं सर्वांत चांगलं उडणारं पॅराशूट सर्वांत वाईट उघडणारं होतं.

न्यू जर्सीतल्या पॅरा-फ्लाइट कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॅरा-प्लेन’ बाजारात आणलं, त्यात यावर एक उपाय होता. कॅनोपीच्या अंगावर कड्या, कड्यांतून ओवलेली दोरी, आणि दोरीचं टोक वर ओढणाऱ्या लहानशा पायलट छत्रीला. वेग जास्त तेव्हा पायलट छत्री जोरात ओढते आणि दोरी कॅनोपीला आवळून धरते. वेग उतरला की ओढ सैल पडते आणि कॅनोपी पसरते. युक्ती हुशारीची, पण एवढ्या दोऱ्या आणि कड्या म्हटल्यावर गुंता ठरलेला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत आला स्लायडर, आणि माझ्या मते या सगळ्या कुळातला सर्वांत कर्तबगार तोच. आकाराने उशीच्या अभ्र्यापेक्षा थोडा मोठा असा नायलॉनचा चौकोन, काठाला पट्टी, चार कोपऱ्यांत चार धातूच्या कड्या. कॅनोपीच्या दोऱ्यांचे चार गट एकेका कडीतून ओवलेले. घडी घालताना हा तुकडा दोऱ्यांवरून वर सरकवून थेट कॅनोपीला भिडवून ठेवायचा. उघडताना खालून येणारी हवा त्याला वर दाबून धरते, म्हणून दोऱ्या एकत्र राहतात आणि कॅनोपीला पसरायला जागा मिळत नाही. फुगणारे कप्पे मात्र दोऱ्या फाकवून त्याला खाली रेटत असतात. वेग दुप्पट असेल तर हवेचा जोर चौपट, म्हणून सुरुवातीला हवा जिंकते. वेग उतरत गेला की कप्पे जिंकतात आणि स्लायडर सरकत सरकत माणसाच्या डोक्यामागे येऊन फडफडत राहतो. एका सेकंदाच्या आतला तडाखा तीन-चार सेकंदांवर गेला. ना दोरी, ना चाप, ना घड्याळ. किती घाई करायची ते वाराच ठरवतो.

अर्थात याचेही नखरे आहेत. पॅक करताना तो पूर्ण वर भिडवला नाही तर जुना तडाखा परत मिळतो. कडीच्या आतल्या काठाला बारीकसा ओरखडा असला तर ती हळूहळू दोरी कापते. म्हणून जाणकार पॅकर प्रत्येक कडीच्या आतून बोट फिरवून बघतो. १९९० च्या आसपास हवा अजिबात न गाळणारं गुळगुळीत कापड आलं तेव्हा त्या कापडाच्या सेबरसारख्या पहिल्या कॅनोप्या पुन्हा कडक उघडू लागल्या, आणि लोकांनी मोठे स्लायडर शिवून घेतले. कडक ओपनिंगने माणूस दगावल्याच्या घटना अलीकडच्या काळातही आहेत.

गुंता झालाच तर मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं. जुन्या साजात, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या बांधणीत, त्यासाठी दोन्ही खांद्यांवरच्या धातूच्या कळा आधी उघडाव्या लागत, मग आतल्या तारेच्या फासांत अंगठे घालून ओढायचं, तेही गरगर फिरत असताना. बिल बूथने १९७० च्या दशकात एकात एक अडकणाऱ्या तीन कड्यांची रचना काढली. प्रत्येक कडी भार कमी करत जाते, शेवटी सगळं एका छोट्या कापडी फासावर टिकतं, आणि एक मूठ ओढली की सुटतं.

पण सर्वांत वाईट कोणतं, असा बैठकीत कौल मागितला तर माझं मत सी-९ ला नाही, पॅराविंगलाही नाही. ते १९८० च्या दशकातल्या काही हलक्या गोल राखीव छत्र्यांना. त्यांच्या फटींवर बारीक जाळी शिवलेली असे. १९८६ मध्ये उघड झालं की त्यातल्या काही जाळ्यांमध्ये आम्ल आहे, आणि शेजारचं नायलॉन घडीतल्या घडीत कुजतंय. बाहेरून नवं कोरं, बोटांनी ताणलं की टरकन फाटणारं. रिगर, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणारे जाणकार, मग जाळीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचे थेंब टाकून रंग बदलतो का ते बघत, आणि चिमट्यात कापड धरून ठरावीक ताकदीने ओढून बघत. सी-९ तुमच्याशी वाईट वागे, पण लपवत काही नसे. ही छत्री एकदाच, शेवटच्या आशेने उघडायची, आणि तेव्हाच ती दगा देणार.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, तेव्हापासून मराठी घरांत स्कायडायव्हिंग अनोळखी राहिलेलं नाही. सुट्टीत दुबईला किंवा थायलंडला जाऊन टँडम, म्हणजे शिक्षकाला जोडून, उडी मारणारेही आता बरेच भेटतात. तुम्ही जाणार असाल तर विमानात चढण्याआधी शिक्षकाला एवढं विचारा, की राखीव पॅराशूट शेवटचं कधी उघडून तपासलं. अमेरिकेत ते १८० दिवसांच्या आत तपासून पुन्हा बांधावं लागतं, त्याची तारीख आणि रिगरची सही असलेलं कार्ड साजातच ठेवलेलं असतं, आणि लाल दोऱ्यावर शिशाचं सील असतं. कार्ड बघायला मागा. चांगला शिक्षक रागावत नाही, दाखवतो.