तरबाबादचा नृत्यमंडप

दौलताबाद (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद) येथील तरबाबाद या चौदाव्या शतकातील रंजन-बाजाराच्या मध्यभागी असलेली गायन-नर्तनाची वास्तू. छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सु. १५ किमी. वर दौलताबाद वसलेले आहे. ‘तरब’ या अरबी शब्दाचा अर्थ गाण्याने होणारा आनंद वा उल्हास असा असून ‘आबाद’ या फार्सी शब्दाने वस्ती सूचित होते. आनंदाची वसाहत, हा या नावाचा भावार्थ होय. बाजाराची आणि मंडपाची माहिती मुख्यतः मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता (१३०४–सु. १३६९) याच्या प्रवासवृत्तांतातून मिळते. १३४२ मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता तो दौलताबादला आला होता. हा वृत्तांत त्याने पुढे मायदेशी इब्न जुझय्य या लेखकास सांगितला व तो १३५५ मध्ये पूर्ण झाला.

पार्श्वभूमी : या परिसरातील नृत्यपरंपरा तुघलकांच्या पुष्कळ आधीची आहे. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात नर्तकी व तिच्या भोवतीच्या वादक स्त्रिया यांचे शिल्प असून ते सहाव्या शतकाच्या सुमारासचे आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळात संगीताला शास्त्राचे अधिष्ठान लाभले. सिंघण यादवाच्या (कार. सु. १२१०–४६) पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याचा सातवा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला वाहिलेला आहे. उत्तम वृंदात ४ मुख्य गायक, ८ सहगायक, १२ गायिका, ४ बासरीवादक व ४ मृदंगवादक असावेत, असे त्याने नमूद केले आहे. एवढ्या कलावंतांचा मेळ ज्या समाजात कल्पिला जातो, तेथे शिक्षण, निवास व वेतन यांची काही व्यवस्था असणार हे उघड आहे.

यादव सत्ता १३१८ मध्ये संपुष्टात आली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीस राजधानीचा दर्जा देऊन तिचे दौलताबाद असे नामकरण केले. दिल्लीहून अधिकारी, सैनिक, व्यापारी, विद्वान आणि सूफी संत येथे आले. चिश्ती संत बुर्‌हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हा त्यांपैकीच होय. जवळच्या खुलदाबाद येथे त्याची समाधी असून समाच्या मैफलीत भावावस्थेत नाचण्याची त्याच्या अनुयायांची रीत ‘बुर्‌हानी’ म्हणून ओळखली गेली. इब्न बतूताने या नगराचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतान व त्याचे सैन्य यांच्यासाठीचे दौलताबाद, कटक आणि देवगिरीचा किल्ला. येथील रत्नव्यापाऱ्यांची संपत्ती आणि प्रांताचा मोठा महसूल यांचाही तो उल्लेख करतो. रंजन-बाजाराला पोसणारा वर्ग यावरून ध्यानात येतो.

बाजाराची रचना : इब्न बतूताच्या मते हा बाजार अत्यंत मोठ्या व सुंदर बाजारांपैकी एक होता. त्यात दुकानांच्या रांगा होत्या. प्रत्येक दुकानाचे एक दार मालकाच्या घरात उघडे आणि घराला बाहेर जाण्यासाठी आणखी एक दार असे. दुकानात गालिचे अंथरलेले असत व मधोमध झोपाळ्यासारखा मोठा पाळणा टांगलेला असे. अलंकार ल्यालेली गायिका त्यावर बसे वा पहुडे आणि सेविका तिला झोके देत. निवास व व्यवसाय एकाच छपराखाली असण्याची ही पद्धत पेठेतील इतर कारागिरांच्या पद्धतीहून वेगळी नव्हती. विणकराचे घर आणि माग जसे एकत्र, तसेच गायिकेचे घर आणि बैठक.

मंडप : बाजाराच्या मध्यभागी घुमटाकार छताचा प्रशस्त मंडप होता. तोही गालिचे अंथरून सजविलेला असे. इब्न बतूताने त्याची मोजमापे दिलेली नाहीत, पण तेथील शिस्तीचे वर्णन नेमके केले आहे. दर गुरुवारी दुपारच्या उत्तरार्धातील अस्रच्या नमाजानंतर गायक-वादकांचा प्रमुख (अमीर) तेथे येऊन बसे. त्याचे सेवक व गुलाम समोर उभे राहत. मग गायिकांचे ताफे एकामागून एक येऊन त्याच्यासमोर गात व नाचत. सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ होताच तो उठून जाई. इस्लामी गणनेत सूर्यास्तापासून नवा दिवस सुरू होतो. म्हणजे शुक्रवार लागताच हा कार्यक्रम संपत असे.

अनेक ताफ्यांनी नियत दिवशी आपल्या प्रमुखासमोर कला सादर करावी, या प्रथेवरून मंडपाचे स्वरूप केवळ करमणुकीचे नव्हते असे दिसते. व्यवसायाची देखरेख आणि कलेची पारख यांचेही ते स्थान असावे. एक हिंदू राजा या बाजारातून जाताना मंडपापाशी उतरून गायन ऐकत असे व एका मुसलमान सुलतानानेही तसेच केले, असे इब्न बतूता सांगतो. त्याने त्या राजाचे नाव दिलेले नसल्याने बाजाराचा आरंभ यादवकाळात झाला, असे एवढ्यावरून ठरविता येत नाही. दिल्लीतही हौज-ए-खासच्या परिसरात गायक-वादकांची वसाहत होती व तिचे नावही तरबाबादच होते. तेव्हा निदान हे नाव तरी राजधानीबरोबर दिल्लीहून आले असण्याचा संभव अधिक आहे.

कलावंतांचे स्थान : या बाजारात मशिदी होत्या आणि रमजान महिन्यात तेथे तरावीहचे नमाज होत. दिल्लीच्या तरबाबादमध्ये गायिका स्वतः मोठ्या संख्येने या नमाजात सहभागी होत, असेही इब्न बतूताने नोंदविले आहे. म्हणजे हा वर्ग धर्माचाराच्या वा नगरजीवनाच्या बाहेर टाकलेला नव्हता. त्याला घर, दुकान, प्रार्थनास्थळ व स्वतःचा प्रमुख होता.

तथापि या चित्राला दुसरी बाजूही आहे. युद्धात पकडून आणलेल्या राजकन्यांना ईदच्या दरबारात गायला-नाचायला लावून सुलतान त्यांना अमीर व परकीय पाहुण्यांत वाटून टाकत असे, हे याच ग्रंथात दिल्लीविषयी लिहिलेले आहे. पाळण्यावर झोके घेणारी गायिका स्वेच्छेने तेथे आली होती की विकत घेतली गेली होती, हे प्रवाशाने विचारलेले नाही; तिचे नावही त्याने दिलेले नाही. त्यामुळे तरबाबादला केवळ वैभवाची खूण मानणे जितके एकांगी, तितकेच त्याला केवळ विलासाचा अड्डा ठरविणेही एकांगी ठरते. येथे प्रतिष्ठा व पारतंत्र्य ही दोन्ही एकाच मंडपाखाली नांदत होती.

ऱ्हास : सुलतानाने १३३५–३७ च्या सुमारास दरबार पुन्हा दिल्लीस हलविला, तरी दौलताबाद हे दख्खनच्या सुभ्याचे केंद्र राहिले, म्हणूनच १३४२ मध्ये बाजार भरभराटीत दिसतो. पाच वर्षांतच परिस्थिती पालटली. दख्खनमधील अमिरांनी बंड केले. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली आणि राजधानी गुलबर्ग्यास गेली. आश्रयाचे केंद्रही तिकडे सरकले. दुसरा बहमनी सुलतान मुहम्मदशाह याने गायनावर खूश होऊन ३०० कलावंतांना विजयानगरच्या खजिन्यावर वरात लिहून दिली व त्यातून युद्ध पेटले, अशी हकीकत फिरिश्ता देतो. पुढे मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविले. औरंगजेबाच्या काळात त्याचे औरंगाबाद झाले आणि नागरी जीवनाचा ओघ कायमचा नव्या शहराकडे वळला.

महत्त्व : रंजनासाठी राखून ठेवलेली वसाहत व तिच्या केंद्रस्थानी नृत्याची वास्तू, ही कल्पना पुढे यूरोपातही दिसते. लंडनच्या रॅनली उद्यानातील गोलाकार सभागृह १७४२ मध्ये खुले झाले. उद्यान १८०३ मध्ये बंद पडल्यावर ते १८०५ मध्ये पाडण्यात आले. तेथे प्रवेशमूल्य देणारा प्रेक्षक हा आश्रयदाता होता, तर तरबाबादचा आधार दरबार, सैन्य व धनिक व्यापारी हा होता. दोन्हींच्या बाबतीत आश्रयदाता दूर होताच वास्तूचे प्रयोजन उरले नाही. महाराष्ट्रात चौफुला, मोडनिंब इ. ठिकाणच्या संगीतबारीच्या कलाकेंद्रांत ताफे केंद्राच्याच आवारात राहतात व तेथेच आपली कला सादर करतात. तरबाबादशी त्यांचा थेट संबंध जोडण्यास आधार नाही. मात्र निवास, व्यवसाय आणि आश्रय यांची गुंफण दोहोंकडे सारखीच आहे. किल्ले, तोफा व राजवंश यांच्या इतिहासात ज्यांना सहसा जागा मिळत नाही, अशा व्यावसायिक कलावंत स्त्रियांचे दौलताबादमधील दर्शन या मंडपाच्या वर्णनामुळे घडते, हेच त्याचे ऐतिहासिक मूल्य होय.