सालीचा दाम

किलिमांजारो आणि केनिया पर्वताच्या उतारांवरील रानांत एक उंच वृक्ष वाढतो. किकुयू लोक त्याला मुइरी म्हणतात. शास्त्रज्ञांच्या लेखी तो प्रूनस आफ्रिकाना, म्हणजे बदाम-जर्दाळूचा भाऊबंद. त्याच्या सालीचा काढा ताप, पोटदुखी व छातीचे दुखणे यांवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत.

१९६६ साली फ्रान्समध्ये जाक देबा यांनी या सालीच्या अर्काचे पेटंट घेतले. उतारवयात प्रॉस्टेट ग्रंथी वाढून लघवीचा त्रास होतो, त्यावरचे हे औषध. ते थोतांड नव्हे. २००२ साली १८ चाचण्यांतील १५६२ पुरुषांचा आढावा घेतला गेला, तेव्हा बेताचा, पण गुण आढळला.

मागणी वाढली. केनिया, कॅमेरून, मादागास्कर येथून साल युरोपास जाऊ लागली. बेताने काढलेली साल पुन्हा भरून येते. खोडाभोवती सगळीकडून सोलली, तर पानांतले अन्न मुळांस पोचत नाही नि झाड वाळते. कित्येक ठिकाणी तर झाडेच आडवी झाली. अखेर १९९५ पासून या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले.

कामगारांत आयुष्य घालवलेल्या आम्हांला हा हिशेब ओळखीचा वाटतो. सोलणाऱ्याला मजुरी, पेटंटवाल्याला नफा, आणि ज्यांनी झाडाचा गुण प्रथम ओळखला त्यांचे खतावणीत नावच नाही! २०१० च्या नागोया करारात अशा ज्ञानाचा वाटा मान्य झाला. पण कागदावरचा हक्क पदरात पाडायला संघटना लागते, हे आम्ही गिरणीच्या दारात शिकलो. रानालाही तोच न्याय लागू आहे.