हौदाचे जुने गणित

काळ-काम-वेगाच्या गृहपाठात हौदाचे गणित हटकून असते. एक नळ हौद इतक्या तासांत भरतो, दुसरा तितक्या. दोन्ही एकदम सोडले तर? मुलांना ते पाठ्यपुस्तक मंडळाने रचलेले वाटते. वास्तविक ते फार जुने आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) चार झरे आहेत. ते एकेकटे सोडले तर हौद अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, दिवसाचा तिसरा भाग व सहावा भाग एवढ्या वेळात भरतो. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? हे गणित वर्गात घालून पाहावे. काही मुले चारही काळांची बेरीज करतील, आणि ती बरोबर दोन दिवस येते. म्हणजे सर्वांत मंद झरा एकटा जे काम एका दिवसात उरकतो, तेच तिघे मदतीला आल्यावर दोन दिवस चालते! आकडेमोड अचूक, पण उत्तर अशक्य. अशा उत्तरावर फुली मारण्याआधी ‘हे शक्य आहे का?’ एवढेच विचारावे, असे आम्हांला वाटते.

भास्कराचार्यांची रीत अशी : छेदांना अंशांनी भागावे, भागाकारांची बेरीज करावी व तिने एकाला भागावे. येथे १, २, ३ आणि ६ मिळून १२. म्हणून दिवसाचा बारावा भाग, म्हणजे पाच घटका किंवा दोन तास. श्लोकात रीत आहे, कारण नाही. कारण असे, की हे भागाकार म्हणजे प्रत्येक झरा एका दिवसात किती हौद भरतो ती संख्या. झरे एकाच वेळी वाहत असताना त्यांचे काळ मिळवून काही हाती लागत नाही, हौद मात्र मिळवता येतात. सूत्रे पाठांतरासाठी असत. उपपत्ती गुरूकडून किंवा टीकाग्रंथांतून मिळे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांची ‘बुद्धिविलासिनी’ (१५४५) ही अशीच उपपत्ती देणारी टीका.

याहून जुने उदाहरण चीनमध्ये सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘गणिताचे नऊ अध्याय’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक तळे पाच पाटांनी भरते. उत्तर १५/७४ दिवस. तेथील रीतीत कारण उघडच आहे : प्रत्येक पाट दिवसात किती वेळा तळे भरतो ते मांडा आणि मिळवा.

ग्रीक पद्यसंग्रहात पितळी सिंह आहे. त्याचा उजवा डोळा भांडे दोन दिवसांत भरतो, डावा तीन, पाय चार दिवसांत, आणि तोंड सहा तासांत. येथे ‘दिवस’ बारा तासांचा की चोवीस? बारा धरल्यास उत्तर १४४/३७ तास, चोवीस धरल्यास २८८/६१. हा प्रश्न आपणहून विचारणारा विद्यार्थी आम्हांला फार आवडेल.

आपल्या पुस्तकांत हौद रिकामा करणारी तोटीही असते, आणि तेथे गणित पाण्याशी फारकत घेते. तोटी तळाशी असेल तर पाणी उतरते तसा तिचा वेग मंदावतो. टॉरिचेलीने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार उंची चतुर्थांश झाली की वेग निम्मा. उभ्या भिंतींचा हौद तासाभरात रिकामा होत असेल, तर वरचा अर्धा भाग सुमारे साडेसतरा मिनिटांत जातो आणि खालचा अर्धा साडेबेचाळीस मिनिटे घेतो. तळाला भोक पाडलेला सरळ बाजूंचा डबा, मोजपट्टी व घड्याळ एवढ्यावर हे एका तासिकेत पडताळता येते. भोक बारीक ठेवावे.