पांगुळगाड्यापासून कॅस्टरपर्यंत



आपल्यापैकीं पुष्कळांचें पहिलें वाहन पांगुळगाडा हेंच असेल. तीन चाकांची ती लांकडी गाडी धरून मूल मोठ्या ऐटीनें चालूं लागतें. पण समोर भिंत आली, कीं गाडी अडते आणि मूल रडूं लागतें. त्या चाकांना पुढें जाणें ठाऊक असतें, वळणें ठाऊक नसतें. घरांतलें कोणी मोठें माणूस येऊन गाडीचें तोंड फिरवितें, तेव्हां पुढचा प्रवास सुरू होतो. बैलगाडीचेंही तसेंच, तेथें वळण्याचें काम बैल करतात, चाकें नुसतीं मागून येतात. स्वतः वळणारें चाक ही निराळीच वस्तु आहे. तिला कॅस्टर म्हणतात. रुग्णालयांतील खाट आणि कचेरींतील खुर्ची आज तिच्याच आधारावर फिरतात. या लहानशा चाकाचा इतिहास, आणि तें कसें निवडावें, हें मी आज सांगणार आहें.

अठराव्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंत घरांत जड मेजें व खुर्च्या भिंतीशीं ठेवीत, आणि लागेल तेव्हां दालनाच्या मध्यावर ओढीत. त्यांच्या पायांखालीं हीं चाकें बसूं लागलीं. आरंभीं तीं लांकडाचीं असत; पुढें चामड्याच्या चकत्या एकत्र रचून करीत; शतकाच्या अखेरीस पितळेचीं चाकें रूढ झालीं. डार्विन यानें डाऊन येथील अभ्यासिकेंत आपल्या खुर्चीला चाकें लावून घेतलीं होतीं, तीं बसल्या जागेवरून सरकत नमुन्यांपाशीं जातां यावें म्हणून. १८७६ सालीं अमेरिकेंत डेव्हिड फिशर यानें कॅस्टरचें एक पेटंट घेतलें. कोणी त्यालाच या चाकाचा जनक मानतात. परंतु चाक त्याच्या आधीं शतकभर फिरत होतें.

त्याची युक्ति दिसण्यांत साधी, पण मोठी मार्मिक आहे. चाक एका दुबेळक्यांत बसविलेलें असतें, व दुबेळकें उभ्या खुंटीभोंवतीं फिरतें. मात्र चाकाचा आंस खुंटीच्या बरोबर खालीं नसतो. तो मुद्दाम किंचित् बाजूला ठेवलेला असतो. खुर्ची ढकलली, कीं खुंटी पुढें जाते, चाक मागें रेंगाळतें, आणि वळसा घेऊन खुंटीच्या पाठीमागें येतें. दावें धरून वासरूं ओढलें, म्हणजे तें आढेवेढे घेत शेवटीं सरळ आपल्या मागें येतें, तसेंच हें. चाक खुंटीच्या नेमकें खालीं असतें, तर कोणीकडे वळावें हें त्याला कधींच कळलें नसतें.

पुढची प्रगति झाली ती द्रव्यांत. गुडइयर यानें १८३९ सालीं रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली, व मऊ, शांत चाक शक्य झालें. नायलॉन १९३५ सालीं अमेरिकेंत आणि पॉलियुरेथेन १९३७ सालीं जर्मनींत जन्मास आलें. लोखंड व नायलॉन कठीण. तीं सहज लोटतां येतात, पण आवाज करतात आणि फरशीवर चरे पाडतात. रबर धक्के सोसतें, पण ढकलण्यास जोर अधिक लागतो, व भाराखालीं फार दिवस एका जागीं राहिल्यास तें चपटें होतें. पॉलियुरेथेन या दोहोंच्या मधलें. म्हणून सर्वसाधारणपणें मऊ गालिच्यावर कठीण चाक, आणि कठीण फरशीवर मऊ चाक घ्यावें.

चाकें अधिक म्हणजे सोय अधिक, असेंही नाहीं. १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला, तरी पृथ्वीवरील प्रवासी आपली पेटी बहुधा हातांतच वाहत होता. बर्नार्ड सॅडो यास १९७२ सालीं चाकांच्या पेटीचें पेटंट मिळालें. पण चार चाकांवर उभी राहून पट्ट्यानें ओढली जाणारी ती पेटी डळमळे. १९८७ सालीं रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकानें पेटीला दोनच, न वळणारीं चाकें व लांब दांडा दिला, आणि ती निमूटपणें मागून येऊं लागली.

हें सारें मी वाचूं लागलों, त्याला एक कारण घडलें. मी शिक्षक असतांना प्रयोगशाळेच्या कपाटाला चाकें लावण्याचें काम माझ्याकडे आलें. सामानासह कपाट सुमारें २४० किलोंचें. मीं चारांनीं भागलें, व प्रत्येकीं ६० किलो पेलणारीं, दोन इंच व्यासाचीं, चारही वळणारीं कठीण चाकें स्वस्तांत आणलीं. एके दिवशीं दोन मुलें कपाट ढकलीत असतां एक चाक शहाबादी फरशीच्या फटींत रुतलें. कपाट कलंडलें, कांचेचीं भांडीं फुटलीं, आणि एका मुलाच्या पायाचा अंगठा चिरडला. मी त्या दोघांच्या धांदलीवर रागावलों. धांदल त्यांची नव्हती; चूक माझी होती, हें मला पुढें कळलें.

भार चारांनीं नव्हे, तिनांनीं भागावा. कारण जमीन उंचसखल असली, म्हणजे एक चाक अधांतरीं राहतें व उरलेल्या तिघांवर सारा बोजा पडतो. मला ८० किलोंचीं चाकें हवीं होतीं. व्यास मोठा हवा होता; कारण फट किंवा उंबरठा ओलांडतांना मोठें चाक चढून जातें, लहान अडतें. लांब व्हरांड्यांतून न्यावयाच्या वस्तूला दोन स्थिर व दोन वळणारीं चाकें असावींत, म्हणजे ती सरळ चालते. चारही वळणारीं चाकें अरुंद खोलींत उपयोगी. आणि उभ्या करून ठेवावयाच्या वस्तूला ब्रेक अवश्य असावा.

दुकानांत जाण्यापूर्वीं म्हणून वस्तु पाहूं नये. आधीं जमीन पाहावी, मग बोजा मोजावा, आणि शेवटीं किंमत विचारावी. मीं हा क्रम नेमका उलटा धरला होता. खाटेवरून नेला जाणारा रोगी असो, कीं कपाट ढकलणारें मूल असो, आपण निवडलेल्या चाकाचा धक्का त्यांनाच बसतो. आणि चाक निवडतांना त्यांना कोणीं विचारलेलें नसतें.