रामश्टाइन : पदार्पणाचे गीत दोनदा प्रकाशित

बर्लिन येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रामश्टाइन या जर्मन मेटल बँडचे ‘डू रीख्स्ट झो गूट’ (तुझा गंध किती छान) हे पहिले एकल गीत ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकाशित झाले. पाट्रिक झ्यूसकिंड यांच्या ‘दास पार्फ्यूम’ या कादंबरीवरून ते सुचले होते. डेव्हिड लिंच यांनी चित्रफीत दिग्दर्शित करावी, यासाठी बँडने त्यांच्याकडे आपली ध्वनिमुद्रिका पाठविली. लिंच यांनी चित्रफीत केली नाही. मात्र ‘लॉस्ट हायवे’ (१९९७) या चित्रपटात बँडची दोन गाणी वापरली. त्यामुळे जर्मन भाषेतील हे संगीत अमेरिकेपर्यंत पोहोचले. पुढे १९९८ मध्ये नव्या चित्रफितीसह पदार्पणाचे गीत पुन्हा प्रकाशित करण्यात आले.